बिनखात्याच्या मंत्र्यांसाठी घरबंदी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका घरातल्या कर्त्या पुरुषांसाठी आहे. 25 मार्च 2020 रोजी, ऐन गुढीपाडव्याला, देशभर 21 दिवसांची टाळेबंदी लागू झाली आणि ‘आता घरी बसून करायचं काय?’ हा प्रश्न मुख्यतः याच वर्गाला पडला. घरातल्या बायकांना तो पडायला सवड नव्हती. कामाच्या मावशींना सोसायटीच्या गेटवरच मज्जाव झाल्याने केर, लादी, धुणं आणि भांडी अशी चार वजनदार खाती एकदम रिकामी झाली होती. खातेवाटप अटळ होतं. अशा काळात दिवसभर कार्यमग्न दिसूनही बिनखात्याचं मंत्रिपद कसं टिकवावं, याची शास्त्रोक्त पद्धत पुढे दिली आहे. पुन्हा तशी वेळ येऊ नये. आलीच, तर हाताशी असावी.

1. निर्जंतुकीकरण

दुधाच्या पिशव्या धुण्याची जबाबदारी स्वतःहून घ्यावी. काम सोपं, आव राष्ट्रीय महत्त्वाचा. पिशवी कोपऱ्याला दोन बोटांत धरावी, साबणाने दोन्ही अंगांनी चोळावी, शिवणीत फेस राहिला नाही ना हे उजेडाकडे धरून बघावं, मग निथळत ठेवावी. दोन पिशव्यांत अर्धा तास आरामात जातो. तिकडे चहाचं आधण आटत आलं आणि ‘अहो, दूध!’ अशी हाक आली, तर ‘घाई नको, जिवाशी खेळ आहे’ एवढंच म्हणावं. भाजी तर त्याहून सोयीची. ती मिठाच्या पाण्यात धुवावी की खायच्या सोड्याच्या, यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतं मागवावीत. एकमत होईपर्यंत मेथी मान टाकते आणि निवडायचा प्रश्नच मिटतो.

2. वर्क फ्रॉम होम

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडावा. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. कानात इअरफोन कायम असावेत, मीटिंग असो वा नसो. अधूनमधून ‘माझा आवाज येतोय का?’ असं मोठ्याने विचारावं. टेबलाखाली केरसुणी आली, तर नजर स्क्रीनवरून न हलवता दोन्ही पाय उचलावेत. केर काढण्याला एवढा हातभार पुरेसा आहे.

3. धार्मिक कार्य

28 मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. सकाळी 9 आणि रात्री 9. पहिली वेळ नाश्ता उरकण्याची, दुसरी रात्रीची भांडी पडण्याची. रामरायासमोरून माणसाला उठवणं कुणालाच जमत नाही, त्यामुळे ही दोन्ही सत्रं चुकवू नयेत. ‘आमच्या लहानपणी ही मालिका लागली की रस्ते ओस पडायचे’ हे मुलांना जरूर सांगावं. रस्ते आताही ओसच असल्याने मुलांवर फारसा परिणाम होत नाही.

4. पाककला

हिची परिणती केकमध्ये होते. ओव्हन नसेल, तर कुकर घ्यावा. झाकणाची रिंग आणि शिटी काढावी, तळाला मीठ पसरावं, त्यावर स्टँड, स्टँडवर मिश्रणाचा डबा, आणि आच मंद. केक फुगो वा बसो, फोटो वरून काढावा. एवढ्यात ओट्यावर दोन पातेली, चाळणी, रवी आणि झाडून सगळे चमचे खरकटे पडलेले असतात. त्यांत पाणी ओतून ती भिजत घालावीत. तुमचं काम इथे संपलं. पुढचा विषय दुसऱ्या खात्याचा. रिंग आणि शिटी कुठे ठेवली हे विसरून जावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी वरणभाताच्या वेळी शोधमोहिमेचं नेतृत्व आपसूक आपल्याकडे येतं.

5. केशकर्तन

राज्यातली सलून 28 जूनला उघडली, तीही दाढीची परवानगी नसताना. तोवर केस वाढू द्यावेत. बायकोच्या हाती कात्री देण्याचा मोह आवरावा. पातं कानामागे टेकलेलं असताना ‘उद्यापासून लादी तुम्ही पुसाल ना?’ असा प्रश्न आला, तर मानेनेसुद्धा नकार देता येत नाही.

6. मुदतवाढ

टाळेबंदी 14 एप्रिलला उठायची होती. ती 3 मे, मग 17 मे, मग 31 मे अशी लांबत गेली. तीन आठवड्यांच्या हिशेबाने रचलेल्या सबबी एवढा काळ पुरत नाहीत. भांडी घासण्याची वेळ आलीच, तर ती मन लावून घासू नयेत. कढईच्या कडेला तेलाचा ओशटपणा राहू द्यावा, कपाच्या कानात चहाची रेघ. काम चोख झालं की खातं कायमचं गळ्यात पडतं.

मात्र तुमची कढई निरखून बायको रागावली नाही, उलट ‘असू दे, रोज घासलीत की जमेल’ असं हसून म्हणाली, तर खातेवाटप पार पडलं असं समजावं. वाद न घालता घासणी हातात घ्यावी. राजीनामा देऊन जाणार कुठे? बाहेर संचारबंदी आहे.