चकलीचं शेपूट

मँचेस्टरला लेकीकडे सहा महिने राहायला गेलो, तेव्हा नातवाने घरातल्या दोन जास्तीच्या माणसांशी ओळख करून दिली: मोदक आणि चकली. दोघेही अ‍ॅक्सोलॉटल, मूळचे मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातले. सॅलॅमँडरच्या कुळात जन्मून मोठं व्हायला साफ नकार दिलेले. जन्मभर पाण्यात, कल्ले बाहेर फुलवलेले, चेहऱ्यावर आहेर न देता जेवून आल्याचं हसू.

आठवडाभरात चकलीच्या शेपटीचं टोक स्वल्पविरामासारखं वळलं. मी लगेच शहाणपण सुनावलं, "शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच!"

"आबा, नळीमुळेच वाकडं झालंय."

खरंच होतं. फिल्टरचा जोर मीच वाढवला होता. पुण्यात नळाला जोर आला की आपण तो वाया घालवत नाही. या प्राण्याला मात्र संथ पाणी लागतं. प्रवाहाचा ताण आला की शेपटीचं टोक वळतं, कल्ले पुढे झुकतात. जोर कमी केला आणि दोन दिवसांत शेपूट सुतासारखं सरळ. म्हणीचा एवढा अपमान मी पहिल्यांदाच पाहिला.

मग एकदा जेवताना मोदकने गांडूळ समजून चकलीच्या शेपटीचाच लचका तोडला. नजर अधू, त्यात हलेल ते गिळायचं हा बाणा. मी हळदीचा डबा घेऊन धावलो. नातवाने डबा काढून घेतला, चकलीला वेगळ्या टाकीत १६-१८ अंशांच्या थंड पाण्यात ठेवलं आणि म्हणाला, "येईल परत."

आमच्या भिंतीवरच्या पालीलाही शेपूट परत येतं, पण आत मणके नसतात, कूर्चेची कांडी असते. म्हणजे डागडुजी. इथे मणके, स्नायू, मज्जारज्जू, सगळं नवं कोरं. १८६४ साली यांचे ३४ पूर्वज पॅरिसला पोचले, आणि पुढे वंशजांना प्रयोगशाळांत पाय-शेपट्या कापून घ्यायची पिढीजात नोकरी लागली. मला एक दाढ पुन्हा उगवता आली नाही. कवळीचे पैसे मोजले.

तीन महिन्यांत चकलीचं शेपूट आलं. टोकाशी किंचित वाकडं. मी म्हणीचा विषय काढला नाही.

निघायच्या दिवशी फिल्टरच्या बटणावर चिकटपट्टी दिसली. मीच शिकवलेल्या देवनागरीत तिच्यावर लिहिलं होतं: ‘आबानी हात लाऊ नये.’