परवा या, म्हणाला

आदरणीय करिअर मार्गदर्शक साहेब,

गेल्या आठवड्यात वाशिमला येऊन आपण आमच्या पोट्ट्यांना 'उद्याच्या संधी' दाखवल्या. पडद्यावर रोबोट आला, ड्रोन आला, डेटा सायंटिस्ट आला. मग लाईट गेली आणि तिघंही गेले. आपण घाम पुसत वायरमनला शोधायला माणूस धाडला. अख्ख्या व्याख्यानात ज्याची खरोखर गरज पडली असा तो पहिला माणूस. नेमका तोच आपल्या यादीत नव्हता. म्हणून हे पत्र.

आपल्या यादीत नसलेल्यांपैकी आमच्याकडे सगळ्यात तेजीत आहे तो फॉर्म भरून देणारा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून आमचा जिल्हा झाला, २०१८ पासून सरकारदरबारी तो 'आकांक्षित' आहे, आणि ती आकांक्षा ऑनलाइन भरावी लागते. २०२३ च्या तलाठी भरतीचंच घ्या. राज्यभरात जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांवर, खुल्या गटाची फी हजार रुपये. तलाठी व्हायचे ते झाले. पण एवढ्या अर्जांवर किती झेरॉक्सवाल्यांच्या, फोटोवाल्यांच्या चुली पेटल्या, हे तुमचा डेटा सायंटिस्ट मोजतो का? जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, वर सगळ्याच्या दोन-दोन प्रती. परीक्षा लांबली की अभ्यासिकावाल्याला आणखी एका महिन्याचं भाडं. पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळणारी पोरं आहेत, म्हणून अकॅडमी आहे, अकॅडमीबाहेर अंडी-केळीवाला आहे. नोकरी एकाला लागते साहेब, नोकरीच्या आशेवर दहा जण जगतात.

२०२४ साली सरकारनं बारावीवाल्याला सहा, आयटीआयवाल्याला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना देऊन सहा महिन्यांचं प्रशिक्षण काढलं. पुढं पाच महिने वाढवून मिळाले. त्यानंतर काय करायचं, याचं प्रशिक्षण त्यात नव्हतं.

समृद्धी महामार्गाचंही आपण कौतुक केलंत. तो मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून जातो, खरं आहे. पण ताशी १२० नं जाणाऱ्याला चहा देता येत नाही.

आता खरी गोष्ट. आपण परत गेलात आणि इकडे हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली. लाईट रात्रीची, तीही लुकलुकती. दाब पडला की विहिरीवरची मोटार जळते. मग वाइंडिंगवाल्याच्या दुकानापुढे जळक्या मोटारींची रांग लागते आणि त्या रांगेत वावराचे मालक उभे. वीस एकरवालाही त्याला 'दादा' म्हणतो. दादा तांब्याच्या तारेतून मान वर न काढता सांगतो, "परवा या." अशी मिजास मी फक्त कलेक्टर कचेरीत पाहिली होती.

हडंबावाल्याचंही, म्हणजे मळणीयंत्रवाल्याचंही, तसंच. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, बाजारात मात्र त्याच्या खालीच विकलं. शेतकऱ्याचा भाव पडला, पण हडंब्याचा दर पोत्यामागे ठरलेला. तो भाव बघून उतरत नाही. सोंगणीची टोळी तर ॲडव्हान्स घेतल्याशिवाय फोनही उचलत नाही.

एवढी मागणी असून ही कामं आपल्या पडद्यावर का नाहीत, ते मला आमच्या गल्लीतल्या सोयरिकीत कळलं. मुलीच्या वडलांनी विचारलं, "पोरगा काय करते?" मध्यस्थ म्हणाला, "वाइंडिंगचं दुकान हाय, सीझनला जेवायलाही फुरसत नाही." पाहुणे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कंत्राटी असला तरी चालन, पण सरकारी पायजे." त्यांच्या स्वतःच्या विहिरीची मोटार तेव्हा त्याच पोराच्या दुकानात पडलेली होती. पोहे खाऊन ते उठले आणि जाता जाता मोटारीचीच चौकशी करून गेले.

तेव्हा साहेब, पुढच्या खेपेला पोरांना काय व्हायचं ते सांगू नका, ते त्यांना पाठ आहे. त्यांच्या होणाऱ्या सासऱ्यांसाठी एक व्याख्यान ठेवा. हॉल मी बघतो.

आपला,
एक वाशिमकर

ता. क. लाईट परत आली तेव्हा दाब जास्त होता, त्यात आपला प्रोजेक्टर जळाला. तो मी वाइंडिंगवाल्या दादाकडे नेऊन दिलाय. परवा या, म्हणाला.