मुकुट घातला कुणी, ऐकलंत का?

अहो, जरा इकडे कुंपणाशी या. लेकीने लंडनहून फोटो पाठवलाय, टेट गॅलरीतला. आपली ती इंग्रज नटी एलन टेरी हो, लेडी मॅकबेथच्या वेषात. चित्रकार सार्जंटने 1889 मध्ये रंगवलेली. दोन्ही हातांनी मुकुट उचलून स्वतःच स्वतःच्या डोक्यावर ठेवतेय! आता मला सांगा, अख्ख्या नाटकात असा प्रवेश आहे कुठे? नाहीच मुळी. आणि बाईंना चित्र पसंत! नसेल तर काय...

झग्याचं तर विचारूच नका. हिरवी लोकर, निळी जरी, सगळं क्रोशाचं काम, आणि वर टाचलंय काय, तर भुंगेऱ्यांचे पंख! चांगले हजारभर. सापाच्या अंगासारखी चकाकते. असा थाट करून ही पावसाळी सकाळी घोडागाडीतून टाइट स्ट्रीटवर, सार्जंटच्या स्टुडिओत. त्याच गल्लीत ऑस्कर वाइल्ड, त्याच्या जिभेला कुठलं हाड! म्हणाला, मेजवानी बघता ही राणी भारी काटकसरी दिसते, नवऱ्याचे कपडे गावातलेच, स्वतःचे मात्र थेट बायझँटियमहून!

बाईंचं चित्रकारांचं वेड मात्र जुनं बरं का. सतरा पूर्ण व्हायच्या आत त्या चित्रकार वॉट्सशी लग्न, तो सेहेचाळीस वर्षांचा. वर्षभरही टिकलं नाही, जाऊ दे...

पण खरी गोष्ट आयर्व्हिंगची! हिच्या नाटक कंपनीचे मालक, नायकही तेच. 1878 चं हॅम्लेट आठवतंय ना? ही ऑफेलिया. म्हणाली, वेडाच्या प्रवेशाला काळं नेसते. मालकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पांढरं घालतात ना सहसा, एवढंच पुटपुटले. मग दुसऱ्या दिवशी म्हातारे नट वॉल्टर लेसी आले, कपड्यांची चौकशी करत. हिने 'काळा' म्हटलं मात्र, ते ओरडलेच! अहो बाई, या नाटकात काळ्यात एकच, तो हॅम्लेट! तेव्हा कुठे हिच्या डोक्यात प्रकाश पडला. स्वतःलाच गाढव म्हणाली. पांढरं घातलं निमूटपणे.

आणि दहा वर्षांनी मॅकबेथमध्ये बघा! भुंगेऱ्यांचा लखलखाट. कुणाची नजर मालकांवर ठरणार?

पण खरी मजा पुढेच आहे. हे चित्र विकत घेतलं कुणी? खुद्द आयर्व्हिंगनी! लायसियम थिएटरातल्या आपल्या जेवणाच्या खोलीत टांगलं. मोठमोठे पाहुणे यायचे, यजमान टेबलाशी, आणि वर भिंतीवर ही, मुकुट घालतेय...