नंबर लागला की कळवू

शोकेसमध्ये स्टीलची रोलेक्स डेटोना झळकत असते आणि तिच्या पायाशी इवलीशी पाटी असते: 'फक्त प्रदर्शनासाठी'. गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे, दुकानदाराकडे माल, मध्ये एक काच. तरी सौदा नाही. असा धंदा पूर्वी फक्त सरकारी कृपेने चालत असे.

आकुर्डीहून निघणाऱ्या चेतकसाठी लोक आठ-दहा वर्षं नंबर लावून बसत, त्या पिढीला हे बघून गहिवरून येईल. घाई असलेला 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, देऊन जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग घेई. परदेशातल्या मेव्हण्याने डॉलर पाठवले, तर नंबर आधी लागे. या सगळ्याला परमिट राज म्हणून नावं ठेवून आपण ते मोडीत काढलं. जिनिव्हाच्या घड्याळवाल्या मंडळींनी तेच उचललं, पॉलिश केलं आणि सोबत शॅम्पेन ठेवली. आपल्याकडे नंबर लावणाऱ्याला डीलर साधी खुर्चीही देत नसे, म्हणून ती व्यवस्था बदनाम झाली.

अर्थात चेतकला निदान नंबर होता. इथे तोही नाही. पावती नाही, तारीख नाही. 'किती वर्षं लागतील?' हा प्रश्न तर असभ्यच. समोरचा सद्गृहस्थ (त्याला सेल्समन म्हणायचं नाही, तो सल्लागार असतो) हवापाण्याच्या गप्पा मारता मारता विचारतो, "मॅडमसाठी काही बघितलंत का?" शहाणा माणूस लगेच हिऱ्यांची कुडी बघतो. मग कुणी न विचारलेलं एखादं दुरंगी घड्याळ घेतो. त्यानंतर आणखी एक. "तुमची खरेदीची हिस्टरी छान तयार होतेय, साहेब," असं ऐकल्यावर साहेबांना दहावीत बोर्डात आल्यासारखं वाटतं. टंचाई हे आमचं धोरण नाही, असं रोलेक्सने 2021 मध्ये जाहीर सांगितलं आहे. विश्वास ठेवायला हरकत नाही. आपली सरकारी खातीही हेच म्हणत.

पाटेक फिलिपचा मामला त्याहून सोवळ्यातला. 1976 च्या त्यांच्या 'नॉटिलस'चं डिझाइन जेराल्ड जेंटाने बाझेलच्या एका हॉटेलात जेवता जेवता पाच मिनिटांत काढलं, असं तो स्वतःच सांगे. पाच मिनिटांच्या त्या कामासाठी पुढे लोक वर्षानुवर्षं थांबले. मागणी हाताबाहेर गेली तेव्हा कंपनीने काय करावं? 2021 मध्ये नॉटिलसचं स्टीलमधलं 5711 मॉडेल बंदच करून टाकलं. वर जाता जाता टिफनी या जवाहिऱ्यांच्या निळ्या रंगाच्या डायलची 170 घड्याळं काढली. छापील किंमत साधारण 52 हजार डॉलर. त्यातलं पहिलंच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात 65 लाख डॉलरला गेलं. पैसे निसर्गसंवर्धनाला दिले, त्यामुळे बोलायची सोय नाही.

बरं, घड्याळ मिळालं की पुढे? ते लोकलमध्ये घालवत नाही, लग्नात मेव्हणा हातात घेऊन बघतो, म्हणून तिजोरीत जातं. स्वयंचलित घड्याळ मनगटाच्या हालचालीवर चावी घेतं. मनगटच नाही म्हटल्यावर ते बंद पडतं. त्यावर उपाय म्हणजे 'वाइंडर' नावाची विजेची पेटी. ती घड्याळाला गोल गोल फिरवत ठेवते. मालक मनगटावर स्मार्टवॉच बांधून पावलं मोजतो.

आणि आता या भाविकांवर संकट आलं आहे. 2022 च्या वसंतानंतर जुन्या बाजारातले भाव घसरले, 'ऑन' उतरला. ओळखीच्या एका संग्राहकाला परवा शोरूममधून फोन आला, "साहेब, तुमचं घड्याळ आलंय, केव्हा येताय?" नाव नोंदवून जेमतेम चार महिने झाले होते. साहेब भयंकर दुखावले. "इतक्यात? मग मला नको ते. ज्याला आठ वर्षं लागतील, असं काही असेल तर दाखवा."