आभाळाकडे लक्ष

पवनीला विमानतळ नाही. एका अंगाला नागपूरचं सोनेगाव, दुसऱ्या अंगाला गोंदियाचं बिरसी, आणि मधे आम्ही, देवळं आणि वैनगंगा सांभाळत बसलेले. म्हणून निवृत्त झाल्यावर मी बैठकीतल्या टेबलावरच विमानतळ उघडला. लेकाने आपला कॉम्प्युटर मला दिला होता आणि त्यात मायक्रोसॉफ्टचा २०२० सालचा फ्लाइट सिम्युलेटर टाकला होता.

पहिलं काम केलं ते पवनीवर बर्फ पाडण्याचं. या खेळात हवामान हाताने लावता येतं, आणि भर मे महिन्यात पाय भाजणाऱ्या गावातल्या माणसाच्या हाती बर्फाची कळ दिल्यावर तो दुसरं काय करणार? पारा शून्याखाली नेला, वैनगंगेचे काठ पांढरे केले, खुशीत ढगात शिरलो, तर काचेवर बर्फ, पंखांवर बर्फ आणि वेग मोजणाऱ्या पिटो नळीच्या तोंडातही बर्फ. ती नळी गरम करायचं बटण असतं म्हणे. ते शोधता शोधता मी विमानाचे सगळे दिवे लावले. वेगाचा काटा शून्यावर आलेला पाहून घाबरून नाक खाली दाबलं आणि थेट जगन्नाथ टेकडीवर आदळलो. १९६९-७० च्या उत्खननात तिथे प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. पुढच्या उत्खननात माझं सेसना सापडेल.

मग शहाणपणाने 'लाइव्ह' हवामान लावलं. स्वित्झर्लंडच्या मेटिओब्लू कंपनीच्या अंदाजांवरून ते आपल्या डोक्यावरचं आभाळ पडद्यावर उभं करतं. त्याच दुपारी बायकोने गच्चीवर कुरोड्या घातल्या आणि "जरा आभाळाकडे लक्ष ठेवा हो," म्हणून ती आडवी झाली.

मी लक्ष ठेवलंच. गोसीखुर्द धरणाच्या अंगाला एक ढग फुगत होता. जमीन तापली की ओलसर हवा उसळून वर जाते आणि बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंचीचा क्युम्युलोनिंबस तयार होतो. पोटात पाणी, गारा, विजा, आणि वर-खाली धावणारा वारा. त्या वाऱ्यात विमान खडीच्या रस्त्यावरच्या एसटीसारखं उधळू लागलं, तसं मी एक क्लिक करून 'स्वच्छ आकाश' निवडलं.

ढग गायब.

निळ्याशार आभाळात विहरताना गडगडाट ऐकू आला, तेव्हा मी हेडफोनच्या आवाजाला दाद दिली. ओल्या मातीचा वास आला, तेव्हा शास्त्र कुठवर पोचलंय हे लेकाला फोन करून सांगायचं ठरवलं. मानेवर गार थेंब पडला, तेव्हा मात्र वळून पाहिलं.

मागे बायको उभी. हातात जुनं लुगडं, लुगड्यावर पुन्हा चीक झालेल्या कुरोड्या.

"अगं, आत्ताच तर स्वच्छ..." मी पडद्याकडे बोट दाखवलं.

तिने पडदा पाहिला, मला पाहिलं.

"हवामान हाताने लावता येतं म्हणता ना? मग लावा चांगलं कडक ऊन," असं म्हणून तिने ते लुगडं कीबोर्डवर अंथरलं.