बाटली, ब्रोकर आणि साडेसात टक्के

अमली पदार्थांसाठी कामगारांची लघवी तपासून देणं हा अमेरिकेत चांगला प्रतिष्ठित धंदा आहे. फक्त चारचौघांत सांगताना जीभ जरा अडखळते.

ट्रकवाल्या कंपन्या या धंद्यातलं घरबसल्या येणारं गिऱ्हाईक. 1991च्या कायद्याने त्यांच्यावर चाचणी बंधनकारक केली, आणि आता दरवर्षी निम्म्या चालकांइतक्या चाचण्या चिठ्ठ्या काढल्यासारख्या अचानक कराव्या लागतात. पण अटलांटातला छपरं घालणारा ठेकेदार? त्याला कुठलाच कायदा बाटली धर म्हणत नाही. 1988चा ‘ड्रग-फ्री वर्कप्लेस’ कायदा नावाने भारदस्त. प्रत्यक्षात तो केंद्र सरकारचे कंत्राटदार आणि अनुदान घेणाऱ्यांपुरता, आणि त्यातही चाचणीची सक्ती नाही! त्यामुळे टेस्टिंगवाला दारात आला की ठेकेदार म्हणतो, “आमची माणसं तसली नाहीत.” आवाजात खात्रीपेक्षा धास्ती जास्त.

इथे विम्याचा ब्रोकर कामाला येतो. कामगार नुकसानभरपाईचा विमा पगाराच्या दर शंभर डॉलरमागे आकारतात, आणि छपरावर चढणाऱ्याचा दर टेबलाशी बसणाऱ्याच्या कितीतरी पट असतो. या ठेकेदाराच्या जॉर्जिया राज्यात व्यसनमुक्त कार्यस्थळाचं प्रमाणपत्र मिळवलं की हप्त्यात साडेसात टक्के सूट. शेजारच्या फ्लोरिडात पाच. लाखभर डॉलर हप्ता भरणाऱ्याचे साडेसात हजार वाचतात. टेस्टिंगवाल्याने व्यसनमुक्तीवर तासभर प्रवचन दिलं तर ठेकेदार जांभई देतो. ब्रोकरने हा एक आकडा सांगितला की खुर्ची पुढे ओढतो.

आता गंमत अशी की ब्रोकरचं कमिशन हप्त्यावरच ठरतं. हप्ता घटला की त्याचीही मिळकत घटली. स्वतःच्या खिशाला कात्री लावणारी शिफारस कोण कशाला करील? करतो, कारण नूतनीकरणाच्या वेळी दुसरा ब्रोकर हीच सूट घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहील, ही भीती त्याला असते. टेस्टिंगवाला आणि ब्रोकर यांच्या भागीदारीचा पाया मैत्री नसून ही भीती आहे, हे न कळलेले टेस्टिंगवाले ब्रोकरच्या ऑफिसात डोनटचे खोके पोचवत राहतात. डोनट संपतात, पत्रकं कचऱ्यात जातात. पाकीट सरकवण्याचा विचारही जपून करावा. विम्यातल्या आमिषांबद्दल प्रत्येक राज्याचे आपापले नियम आहेत.

ब्रोकरला खरी धास्ती कागदांची. लेखी धोरण, कामगारांचं प्रबोधन, मुकादमांचं प्रशिक्षण, वर अर्ज. हे सगळं आयतं करून देणारा त्याला देवासारखा वाटतो.

काम किती काटेकोर चालतं ते कळावं म्हणून ब्रोकरला एकदा चाचणीची खोली दाखवावी. ट्रकचालकांसाठीचे नियम वाचून हसू येतं, पण ते अनुभवातून आलेत. कमोडमध्ये निळं पाणी, म्हणजे कोणी त्यातलंच भरून आणायला नको. खिसे रिकामे. नमुना किमान 45 मिलिलिटर, आणि चार मिनिटांच्या आत त्याचं तापमान 32 ते 38 अंश सेल्सियस भरलं पाहिजे. लघवी होतच नसेल, तर तीन तासांची मुदत आणि जास्तीत जास्त सुमारे 1.2 लिटर पाणी. मग त्या माणसाच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्या आणि दोन सिलं.

एवढं पाहिल्यावर ब्रोकर हमखास खसखशीबद्दल विचारतो. ‘साइनफेल्ड’ मालिकेत 1996 साली एलेन खसखशीच्या मफिनमुळे अफूबाज ठरली होती, ते अमेरिका विसरलेली नाही. 1998मध्ये सरकारी चाचणीतली अफूची मर्यादा मिलिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमवरून 2000वर नेली, ती मुख्यतः याच भानगडीमुळे. तरीही अटलांटातल्या मराठी मंडळींनी दिवाळीत चाचणीच्या आदल्या रात्री अनारसे जरा बेतानेच खावेत.

आणि ब्रोकर हळूच विचारतो, “मग, कोण सापडलं?” इथे तोंड मिटून घ्यावं. अहवाल आधी डॉक्टर पडताळतो, मग तो मालकाकडे जातो. ब्रोकरचा त्याच्याशी संबंध नाही. जो टेस्टिंगवाला एक नाव ब्रोकरला सांगतो, तो उद्या दहा नावं सांगेल, हे ब्रोकरलाही कळतं. अशा माणसाकडे तो आपलं गिऱ्हाईक पुन्हा पाठवत नाही.