दोनशे किलोमीटर सायकल : व्यत्ययांसह सरावाची शास्त्रोक्त पद्धत

येत्या थंडीत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल-सफर) पुरी करण्याचा निश्चय करून तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून बसलेल्या पुणेकर होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांनी अजून जाहीर केलेले नाही, त्यांनी येथेच थांबावे. त्यांना अजून वाचता येईल.

उद्दिष्ट

बीआरएमचे नियम ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेचे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच हंगामात हे चारही टप्पे पार करणाऱ्यास ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. तोपर्यंत घरच्यांनी दिलेली पदवी वापरावी.

पायरी १ : वेळापत्रक

परदेशी वेळापत्रकात बारा आठवडे असतात, गणपती नसतात. म्हणून आधी कालनिर्णय घ्यावे आणि व्यत्यय लिहून काढावेत. उरलेल्या जागेत सराव बसवावा.

श्रावणात पाऊस आणि उपवास. साबुदाणा खिचडीत पिष्टमय पदार्थ भरपूर असल्याने उपवास सरावाला पोषक ठरतो. अडचण एवढीच, की ती खाल्ल्यावर कोणी सायकलवर बसत नाही. गणपतीत रस्ते मांडवांना दिलेले असतात. नवरात्रात ढोल, दिवाळीत फराळ, तुळशीचे लग्न झाले की माणसांची लग्ने.

राहता राहिला पितृपक्ष. या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. पाऊस ओसरत आलेला, घाट हिरवे आणि आमंत्रण कोणाचेच नाही. मराठी माणसाला सरावासाठी यापेक्षा शुभ काळ नाही. फक्त नवी सायकल घ्यायची असेल तर ती आधीच घ्यावी. नाहीतर पहिली पंक्चर पितरांच्या नावे लिहिली जाईल.

पायरी २ : अंतर वाढवणे

आठवड्याचे अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवावे. सुरुवात सपाटीवर. मग बोपदेव घाटाने सासवडला जाऊन दिवे घाटाने उतरावे. पुढे कात्रज ओलांडून खंबाटकीपर्यंत. मुख्य दिवसाआधी एकदा सव्वाशे-दीडशे किलोमीटर झालेले असावेत. एक आठवडा बुडाला तर पुढच्या रविवारी दुप्पट अंतर मारून हिशेब चुकता करू नये. गुडघा उधारीवर चालत नाही.

पायरी ३ : गुडघा

गुडघा दुखू लागताच सोसायटीतील प्रत्येक जण अस्थिरोगतज्ज्ञ होतो. त्यांचे ऐकून घ्यावे आणि घरी येऊन सीटची उंची तपासावी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवून पाय जेमतेम सरळ होत असेल, तर उंची साधारण बरोबर. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल तर वर. चढावर जड गिअर रेटण्यात शौर्य नाही. हलका गिअर घेऊन पाय भराभर फिरवावेत. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर खऱ्या डॉक्टरांकडे जावे. ते सायकल बंद करायला सांगतील, हे गृहीत धरून ‘किती दिवस?’ हा प्रश्न तयार ठेवावा.

पायरी ४ : पंक्चर

दोन कंट्रोलच्या, म्हणजे तपासणी-ठाण्यांच्या, मध्ये गाडीतून मदत घेण्याची मुभा नसते. तेव्हा मेहुण्याला फोन करून उपयोग नाही. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच आणि पंप जवळ असावेत. ट्यूब बदलण्याचा सराव बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली करू नये. अंधारात, पावसात, ट्रकच्या आवाजात करावा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवावे. पंक्चर करणारी तार अजून तिथेच असते.

धीर खचल्यास इतिहास आठवावा. १८९१ साली पहिल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस सायकल शर्यतीत चार्ल्स तेरों सुमारे १२०० किलोमीटर अंतर एकाहत्तर तासांच्या वर थोड्या वेळात कापून पहिला आला, तोही नुकत्याच निघालेल्या हवेच्या टायरवर. त्या काळी रस्ता कसा असेल, हे कल्पनेने जाणायचे असल्यास आपल्या प्रभागातील खोदकाम पाहावे.

पायरी ५ : कुत्री आणि नातेवाईक

कुत्रे धावून आल्यास थांबावे, उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि शांतपणे चालू लागावे. पळणाऱ्यात त्याला रस असतो, चालणाऱ्यात नसतो. ‘या वयात कशाला?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांबाबतही हीच पद्धत.

पायरी ६ : खरा शत्रू

घाट नव्हे, वारा नव्हे; खरा शत्रू मिसळ आहे. हिशेब करा. ताशी वीसच्या वेगाने २०० किलोमीटरला दहा तास लागतात. उरले साडेतीन. घड्याळ मात्र तुम्ही बसलात तरी थांबत नाही. पाऊण तास मिसळ खाल्ली, म्हणजे पंधरा किलोमीटर खाल्ले. त्यात सेल्फी, पुन्हा चहा, ‘जरा पाठ टेकतो’. साताऱ्याच्या बाजूला गेलात तर कंदी पेढे घेण्याचा मोह आवरावा. ते पुढे आपल्यालाच वाहून आणावे लागतात.

म्हणून सरावात पेडल मारण्याइतकीच उठण्याची तालीम करावी. दहा मिनिटांचा गजर लावून हॉटेलात बसावे आणि गजर होताच दुसरा पाव तसाच ठेवून निघावे. ज्याला हे जमले, त्याला खंबाटकी अवघड नाही. खिशात राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर ठेवून चालत्या सायकलीवर खायला शिकावे. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे.

वेळ चुकल्यास

कंट्रोल बंद झाल्यावर पोचलात किंवा बीआरएमचे कार्ड हरवलेत, तर सफर ग्राह्य धरली जात नाही. दंड काही नाही. पुढची बीआरएम शोधावी, पुन्हा शुल्क भरावे आणि वेळापत्रकात हा नवा व्यत्यय मागील तारखेने लिहून टाकावा.

यशस्वी झाल्यास

बीआरएम ही शर्यत नाही. तिच्यात क्रमांक नसतात. आठ तासांत आलेला आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांनी आलेला, दोघांचा मान सारखाच. पदक हवे असल्यास त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. ही गोष्ट घरी सांगू नये.

‘कितवा नंबर आला?’ असे सगळेच विचारतील. नियम समजावत बसू नये. ‘वेळेत पोचलो’ एवढेच म्हणावे. लग्नाच्या मुहूर्तालाही वेळेत न पोचणाऱ्या मंडळींना यापुढे विचारण्यासारखे काही सुचत नाही.